गर्दीच्या रस्त्यावर सायकल: नव्याने उतरणाऱ्यांसाठी

पुण्यात कर्वे रस्त्यावरून किंवा सिंहगड रस्त्यावरून सायकलने ऑफिसला जायचं ठरवलं की घरचे, शेजारचे आणि सोसायटीचा वॉचमन, सगळे एकच सल्ला देतात: अगदी कडेने जा. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण जसाच्या तसा पाळला तर अंगाशी येतो. रस्त्याची शेवटची दीड-दोन फुटांची पट्टी ही सगळ्यात वाईट जागा. खचलेली चेंबरं, वाळू, फुटलेली काच, पेव्हर ब्लॉकची उंच कड, उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले आणि उभ्या गाड्यांची अचानक उघडणारी दारं, सगळं तिथेच. शिवाय तुम्ही कडेला चिकटलात की मागच्या गाडीवाल्याला वाटतं, याच लेनमधून आपण सुळकन निघून जाऊ. मग तो वेग कमी न करता हँडलला घासून जातो, आणि नेमका त्याच क्षणी समोर चेंबर येतं.

ज्यांना सायकल चालवता येते, पण वाहत्या रस्त्यावर कधी नेलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं पुण्याची आहेत. ठाण्यात, नाशकात, नागपुरात फार काही बदलत नाही. पहिला आठवडा सायकल नीट करणं आणि मैदानावरचा सराव, दुसऱ्या आठवड्यात रविवारची सकाळ, आणि कामाचा दिवस तिसऱ्या आठवड्यापासून. यापेक्षा घाई करू नका.

आधी सायकल

घरी धूळ खात पडलेली सायकल हवा भरून थेट रस्त्यावर काढू नका. निघण्यापूर्वी तीन गोष्टी बघायच्या: हवा, ब्रेक, चेन. सवय झाली की यात एक मिनिट जातं.

हवा किती हवी ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीच्या हायब्रिड टायरला साधारण ५० ते ७० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), दोन इंची एमटीबी म्हणजे माउंटन बाइकच्या टायरला ३५ ते ४५. छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नये. अंगठ्याने दाबून अंदाज घेणं फसवं असतं, त्यामुळे काटा असलेला पंप घ्या आणि आठवड्यातून एकदा मोजा. हवा कमी असली की खड्ड्यात चाक आदळल्यावर ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटते. पंक्चर काढताना ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, तर खिळ्याला दोष देऊ नका. हवा कमी होती.

ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडल यांच्यामध्ये किमान दोन बोटं जागा उरली पाहिजे. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घ्या किंवा ब्रेक शू बदला. शूवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या म्हणजे तो संपला. कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा, हेही तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो, पण सगळ्यांना नाही. दुसऱ्याची सायकल घेतली असेल तर हे चौकात कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं बरं.

सीटची उंची नवखे लोक हमखास कमी ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकावेत म्हणून. त्याने गुडघे दुखतात आणि निघताना सायकल जास्त डगमगते. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, ही योग्य उंची. पहिले पंधरा दिवस एक-दोन सेंटीमीटर खाली ठेवलीत तर चालेल. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा असतो; बसल्या बसल्या टेकायचा नसतो.

सोबतच्या वस्तूंपैकी मागचा लाल दिवा आम्ही हेल्मेटच्या बरोबरीने महत्त्वाचा मानतो, आणि तो दिवसाही चालू ठेवावा. सीटच्या दांड्यावर लावा, पण सॅक, शर्टाचा घोळ किंवा रेनकोट त्याच्यावर येत नाही ना ते मागे उभं राहून कुणाला तरी बघायला सांगा. पुढचा पांढरा दिवा थोडा खाली झुकलेला असावा. समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश गेला तर त्याला तुम्ही दिसत नाही आणि रस्ताही दिसत नाही. उजव्या हँडलला छोटा आरसा लावायला हरकत नाही, फक्त त्याच्या भरवशावर बाजूला सरकू नका.

कायद्याने सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही. तरी घालाच. हेल्मेटची पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीच्या आकारात, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकीच ढील. मागे सरकवून कपाळ उघडं ठेवलेलं हेल्मेट पुढे पडल्यावर काहीच वाचवत नाही.

कपड्यांचं थोडक्यात: ओढणी कमरेला घट्ट बांधा किंवा सॅकच्या आत घाला, पँटचा उजवा पाय चेनपासून वर दुमडा, बुटाची नाडी आत खोचा. दुधाची किंवा भाजीची पिशवी हँडलला लटकवू नका. ती झुलते आणि वळताना स्पोकमध्ये अडकते. पुढचं चाक जाम झालं की माणूस हँडलवरून पुढे जातो. कॅरिअरवर बांधा.

मैदानावर चार गोष्टी

शाळेचं पटांगण, रविवारी सकाळी रिकामं असलेलं पार्किंग, सोसायटीचा मागचा रस्ता, काहीही चालेल. रोज अर्धा तास, आठवडाभर.

१. खांद्यावरून मागे बघणं. जमिनीवर खडूची सरळ रेघ मारा आणि तिच्यावरून जाताना उजव्या खांद्यावरून मागे बघा. मागे कुणाला तरी बोटं दाखवत उभं करा आणि किती बोटं ते ओरडून सांगा. सुरुवातीला मान वळेल तिकडे हँडलही वळतं, सगळ्यांचंच. उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवा आणि मग मान वळवा. हँडल ओढलं जात नाही. रेघ न सोडता सलग वीस वेळा जमेपर्यंत हे करत राहा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

२. एका हाताने चालवणं. आधी उजवा हात बाहेर काढून, मग डावा. तीन सेकंद हात ताठ, मग परत हँडलवर. हात दाखवून झाल्यावरच ब्रेक लावायचा, एका हाताने नव्हे.

३. जोरात ब्रेक लावणं. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. धोका दिसून हात लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढं अंतर आधीच संपलं, आणि कोरड्या रस्त्यावर पुढे आणखी चार-पाच मीटर लागतात. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. नुसता मागचा दाबला तर चाक घसरत जातं. नुसता पुढचा झटक्यात दाबला तर मागचं चाक उचलतं. दोन्ही एकत्र, क्रमाने घट्ट, आणि त्याच वेळी बूड सीटवर मागे सरकवायचं. मागचं चाक घसरायला लागलं तर पुढचा थोडा सोडा, म्हणजे वजन परत मागे येतं.

४. निघणं आणि हळू चालवणं. डावा पाय जमिनीवर, उजवं पेडल घड्याळात दोन वाजतात त्या जागी. एक जोरदार दाब, मग बसा. सिग्नल सुटल्यावर पहिल्या दोन पेडलना सायकल सगळ्यात जास्त डुलते आणि मागच्या दुचाकीचा धक्का तिथेच लागतो. गिअरची सायकल असेल तर थांबण्याआधी हलक्या गिअरवर आणा. उभ्या सायकलचा गिअर बदलत नाही. चालण्याच्या वेगाने पंधरा मीटर पाय न टेकता जाता आलं की हे जमलं.

मार्ग आधी ठरवा

मोटारीचा मार्ग आणि सायकलचा मार्ग एकच असायला हवा असं काही नाही. फोनवरचा नकाशा सगळ्यात जलद रस्ता दाखवतो. तुम्हाला हवा आहे तो बस कमी, उड्डाणपूल नाही आणि उजवी वळणं कमी असा. मुख्य रस्त्याला समांतर जाणाऱ्या आतल्या गल्ल्या शोधा. कोथरूड-एरंडवण्यात, डेक्कनच्या मागे त्या भरपूर आहेत. दहा मिनिटं जास्त लागली तरी सुरुवातीला तोच मार्ग धरा.

काही रस्ते यादीतून आधीच काढून टाका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा बायपासचा उतार नवख्यांसाठी नाही, आणि जुन्यांनीही तिथे हौस करू नये. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकचे अपघात तिथे वारंवार झाले आहेत. बीआरटीची वेगळी लेन मोकळी दिसली तरी ती बससाठी आहे. जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता एकेरी आहेत, आणि तो नियम सायकललाही लागू आहे. ‘सायकलच तर आहे’ म्हणून उलटं जाऊ नका.

सायकल ट्रॅक असेल तर वापरा, पण डोळे मिटून नव्हे. पुण्यात बऱ्याच ठिकाणी तो मध्येच संपतो, त्यावर गाड्या उभ्या असतात, फेरीवाला बसलेला असतो, किंवा चौकाशी तो तुम्हाला थेट डावीकडे वळणाऱ्या गाड्यांच्या तोंडात सोडतो. ट्रॅक संपण्याच्या वीस-पंचवीस मीटर आधीच मागे बघून रस्त्यावर या. संपल्यावर एकदम उतरू नका.

ठरवलेल्या मार्गावर रविवारी सकाळी सातच्या सुमाराला दोनदा जाऊन या. चेंबरं कुठे आहेत, गतिरोधक कुठे रंग उडालेले आहेत, बसथांबे कुठे, शाळा कुठे सुटते, ते बघा. पहाटे कुत्री मागे लागतात. पळवून फायदा नाही. वेग कमी करा, तरी आली तर उतरा आणि सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये धरून चालत पुढे जा. बहुतेक वेळा तेवढ्याने त्यांचा उत्साह मावळतो.

रस्त्यावर आपली जागा

साध्या, वाहत्या रस्त्यावर डाव्या कडेपासून एक मीटर सोडून सरळ रेषेत चालवा. कडा म्हणजे फुटपाथची भिंत नव्हे. जिथून चालवण्याजोगा डांबराचा किंवा काँक्रीटचा भाग सुरू होतो ती. हा एक मीटर तुमच्या खिशातली जागा आहे. एखादी गाडी फारच जवळून गेली तर तुम्हाला डावीकडे सरकायला काहीतरी उरलेलं असतं. कडेला चिकटून चालवणाऱ्याकडे ते नसतं, त्याला फक्त पडता येतं.

डाव्या बाजूला गाड्या लावलेल्या असतील तर त्यांच्यापासूनही एक मीटर, जमल्यास जास्त. मोटारीचं दार जवळपास तेवढं उघडतं. मागच्या काचेतून आत डोकं दिसतंय का, ब्रेकचे दिवे नुकतेच विझले का, चाकं बाहेरच्या बाजूला वळलेली आहेत का, हे बघत जा. दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये दहा-वीस मीटर मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका. पुढच्या गाडीपाशी परत बाहेर यावं लागतं, आणि मागच्याला वाटतं तुम्ही एकदम आडवे आलात. त्याचं चुकत नाही.

काही ठिकाणी एक मीटरही पुरत नाही; तिथे लेनच्या मधोमध यावं लागतं. अरुंद रस्ता, जिथे मोटार आणि सायकल शेजारी शेजारी मावणारच नाहीत. चौकाच्या अलीकडे, डावीकडे गल्ली फुटते तिथे. मेट्रोच्या किंवा ड्रेनेजच्या कामामुळे पत्रे लावून निम्मा केलेला रस्ता. लक्ष्मी रस्त्यासारखी जागा, जिथे सगळेच ताशी पंधराने चालले आहेत. मधोमध आल्याने मागच्याला कळतं की आता ओलांडायला जागा नाही, थांबावं लागेल. हॉर्न वाजेल. वाजू द्या, हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. रस्ता रुंद झाला की मागे बघून परत डावीकडे या आणि हाताने पुढे जा म्हणून खूण करा. याउलट ज्या रस्त्यावर गाड्या पन्नास-साठने जातात तिथे मधोमध चालवणं हा हट्ट आहे. तिथे एक मीटरची जागा धरा, किंवा तो रस्ताच टाळा.

जागा कोणतीही असो, ती बदलण्याचा क्रम ठरलेला: मागे बघा, हात दाखवा, परत बघा, मग सरका. खड्डा दिसल्यावर झटकन उजवीकडे घेणं हा नवख्यांच्या अपघाताचा ठरलेला प्रकार आहे. त्यासाठी नजर पुढच्या चाकावर न ठेवता पंधरा-वीस मीटर पुढे ठेवावी लागते. खड्डा उशिरा दिसला आणि मागे बघायला वेळ नसेल तर खड्ड्यातून जा: पेडल आडवी, बूड सीटवरून उचललेलं, कोपरं सैल, ब्रेक सोडलेले. रिम वाकली तर दुरुस्त होते.

गतिरोधकावर एक खास गंमत असते. दुचाकीवाले डाव्या टोकाला गटाराशेजारी उरलेल्या फटीतून निघण्यासाठी एकदम डावीकडे झुकतात. तुम्हीही त्याच फटीकडे निघाला असाल तर टक्कर ठरलेली. गतिरोधक त्याच्या उंच भागावरून, आधीच वेग कमी करून, सरळ ओलांडा.

काँक्रीटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली लांबट फट किंवा उंच-सखल सांधा कधीही तिरका, हळूच ओलांडू नका. टायर त्यात अडकून धावतं आणि सायकल खालून निघून जाते. शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. रेल्वे फाटकातल्या रुळांनाही हेच लागू.

बस, रिक्षा, ट्रक

पीएमपीची बस थांब्यावर येताना तुमच्या उजवीकडून पुढे जाते आणि डावीकडे येते. अशा वेळी बस आणि फुटपाथ यांच्यामधून निसटायचा प्रयत्न कधीही करू नका. जागा बंद होत जाते आणि दारातून उतरणारे प्रवासी समोर येतात. मागे थांबा. बस बराच वेळ उभी राहणार असं दिसलं तर मागे बघून, हात दाखवून उजवीकडून जा. तेही बसचा उजवा इंडिकेटर लागलेला नसेल तरच.

बस, ट्रक आणि डंपर यांचा आंधळा भाग मोठा असतो: अगदी नाकासमोर, अगदी मागे, आणि डाव्या बाजूला केबिनपासून मागच्या चाकांपर्यंत. खूण सोपी आहे. त्याच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. लांब गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेच्या आतून, कोपऱ्याकडे येतात. सिग्नलला तिच्या डाव्या बाजूला उभा राहिलेला सायकलवाला त्यात सापडतो. सिग्नलला ट्रकच्या मागे उभं राहण्यात काही कमीपणा नाही.

रिक्षाचं तर्कशास्त्र वेगळं: तिच्याकडे बघू नका, फुटपाथकडे बघा. कुणी हात वर केला की रिक्षा इंडिकेटरशिवाय डावीकडे येणार. रिकामी रिक्षा हळू चालली असेल तर ती गिऱ्हाईक शोधते आहे; तिच्या डावीकडून जाऊच नका. ॲपवरच्या टॅक्सीचं डावं मागचं दार वाहतूक तुंबलेली असताना कुठेही उघडतं.

मोठं वाहन वेगाने शेजारून गेलं की हवा आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. हँडल सैल पण दोन्ही हातांनी धरा, दोन सेकंद पेडल मारत राहा. घाबरून ब्रेक लावणाऱ्याची सायकल जास्त भरकटते.

चौक

सरळ जायचं असेल तर सगळ्यात मोठा धोका डावीकडे वळणाऱ्या गाडीचा. ती तुम्हाला ओलांडते आणि लगेच तुमच्यासमोरून वळते. म्हणून चौकाच्या तीस मीटर आधी कडेवरून लेनच्या मध्ये या आणि चौक पार होईपर्यंत तिथेच राहा. गाडी वळणार की नाही हे इंडिकेटरपेक्षा तिच्या पुढच्या चाकावरून आधी कळतं. बॉनेट हलण्यापूर्वी चाक वळलेलं असतं.

उजवीकडे वळायचं असेल तर पहिले काही महिने दोन टप्प्यांत वळा:

१. सिग्नल हिरवा असताना सरळ चौक ओलांडा, डाव्या बाजूनेच.
२. पलीकडच्या डाव्या कोपऱ्याशी, झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे, पादचाऱ्यांना न अडवता थांबा.
३. उतरून सायकल उजवीकडे, जायच्या दिशेला वळवा. आता तुम्ही आडव्या रस्त्यावरच्या वाहनांच्या रांगेत सगळ्यात पुढे असता.
४. त्या रस्त्याचा सिग्नल हिरवा झाला की सरळ निघा.

यात एक सिग्नल जास्त लागतो, बाकी काही नाही. थेट उजवं वळण घ्यायला तीन लेन ओलांडाव्या लागतात. ते पन्नास मीटर आधीपासून, एकेक लेन करून, प्रत्येक वेळी मागे बघून करायचं काम आहे. विद्यापीठ चौकासारख्या ठिकाणी तर सरळ उतरा आणि झेब्रावरून सायकल ढकलत न्या. सायकल हातात धरून चालणारा माणूस पादचारी असतो.

गोल चौकात आधीपासून आत असलेल्याला आधी जाऊ द्यावं असा नियम आहे. समोरचा तो पाळेल असं गृहीत मात्र धरू नका.

उड्डाणपूल आला तर खालून जा. पूल जिथे उतरतो, उदाहरणार्थ नळ स्टॉपच्या पुढे, तिथे वरून वेगात आलेल्या गाड्या तुमच्या उजवीकडून डावीकडे घुसतात. तिथे पोहोचण्याआधी मागे बघा आणि त्या जोडाच्या जागी कुणाशीही शर्यत लावू नका.

तुंबलेल्या वाहतुकीतून पुढे सरकायचं असेल तर चालण्याच्या वेगाने, दोन बोटं ब्रेकवर ठेवून. उभ्या बसच्या पुढून माणूस निघतो, दुचाकी एकदम आडवी होते. सिग्नल सुटायला पाच-सात सेकंद उरली की आहात तिथेच एखाद्या गाडीच्या मागे रांगेत शिरा.

समोरून उलटा येणारा

हा प्रश्न पुस्तकी नियमांत नसतो आणि रस्त्यावर रोज असतो. तुम्ही डाव्या बाजूने चालला आहात आणि समोरून त्याच कडेने दुचाकी येते. उजवीकडे सरकून त्याला वाट देण्याचा मोह होतो. देऊ नका. तुमच्या मागून येणारी वाहनं त्याला दिसत आहेत, तुम्हाला दिसत नाहीत. म्हणून बाहेरून जायचं की थांबायचं हा निर्णय त्यालाच घेऊ द्या. वेग कमी करा, आपल्या रेषेत राहा, गरज पडली तर डावा पाय टेकून थांबा. वाद घालायला थांबलेली सायकल मागून येणाऱ्यांना दिसत नाही, त्यामुळे रागाचं काय करायचं ते घरी ठरवा.

घंटी पादचाऱ्यांसाठी. काचा लावलेल्या मोटारीत ती पोहोचत नाही. मोटार मागे येऊ लागली किंवा दार उघडायला लागलं तर घसा वापरा: ‘ओ दादा!’, ‘अहो काका, थांबा!’ दोन्ही कान मोकळे ठेवा. विजेवरच्या स्कूटरचा आवाज तसाही जवळजवळ येत नाही, त्यात इयरफोन घातले की संपलंच.

पाऊस आणि अंधार

पहिल्या पावसात डांबरावर महिनोन्‌महिने साचलेलं तेल वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो. पहिल्या सरीनंतर तास-दीड तास थांबता आलं तर थांबा. झेब्राचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामावर टाकलेल्या प्लेटा ओल्या असताना त्यांच्यावर वळू नका, ब्रेकही लावू नका. आधी वेग कमी करून सरळ पार करा. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकला ओल्या रिमवरचं पाणी पुसायला चाकाचे एक-दोन फेरे लागतात. म्हणून थांबायच्या बऱ्याच आधी हलका ब्रेक लावून रिम कोरडी करा आणि मग घट्ट दाबा. डिस्क ब्रेक असला तरी टायर घसरायचं ते घसरतंच.

पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक घालू नका. तुंबलेलं पाणी जावं म्हणून चेंबरचं झाकण उघडून ठेवलेलं असू शकतं. रस्ता भरून वाहत असेल तर उतरा आणि मागे फिरा.

अंधारात पिवळं-हिरवं चकाकणारं फ्लुरोसंट जाकीट फारसं उपयोगी नाही. ते दिवसाच्या उजेडात काम करतं. रात्री लागतात त्या प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या, आणि त्या घोट्यांवर बांधा. खाली-वर होणारे दोन ठिपके म्हणजे सायकल, हे चालकाला लांबूनच कळतं. काळा रेनकोट घेऊ नका. मागचा दिवा लुकलुकता चालेल. पुढचा अंधाऱ्या रस्त्यावर स्थिर ठेवा, कारण नुसत्या लुकलुकत्या दिव्यावरून तुमचं अंतर समोरच्याला ठरवता येत नाही.

धडक झालीच तर

आधी रस्त्याच्या बाजूला व्हा. डोक्याला मार, शुद्ध हरपणं, हात-पाय हलवता न येणं यांपैकी काही असेल तर जखमी माणसाला उगाच हलवू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे बघे उभे असतील तर एकाकडे बोट दाखवून त्यालाच फोन करायला सांगा. सगळ्यांना उद्देशून सांगितलं की कुणीच करत नाही.

गाडीचा नंबर, जागा, सायकलची अवस्था यांचे फोटो घ्या, एखाद्या साक्षीदाराचा फोन नंबर घ्या. जागेवर पाचशे-हजार घेऊन विषय मिटवू नका. मनगटाचं किंवा बरगडीचं दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी कळतं. सायकल मोटार वाहन नसल्यामुळे तिला लायसन्स, नोंदणी, विमा काही लागत नाही, पण धडक देणाऱ्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागण्याचा सायकलस्वाराला हक्क आहे. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो आणि मोटार वाहन कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. त्यासाठी पोलिसांतली नोंद आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही तरी २०२२ पासून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपयांची तरतूद आहे.

घरी परत येताना सायकल चालवण्याआधी पुढचं चाक पायांत धरून हँडल सरळ आहे का बघा, दोन्ही चाकं उचलून फिरवा, ती ब्रेकला घासत नाहीत ना, दोन्ही ब्रेक लागतात ना, फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, तडा नाही ना. यातल्या एकाही गोष्टीबद्दल शंका असेल तर सायकल टेम्पोत टाका. आणि डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बाहेरून कितीही धडधाकट दिसलं तरी नवं घ्या. आतला थर्मोकोल एकदाच दाबला जातो.